लेकीच्या कौतुकाची चोरी

आमच्याकडे आपल्या लेकराचं कौतुक आपल्याच तोंडानं करत नाहीत. कुणी म्हटलं, "किती शहाणी हो तुमची पोरगी," की आई लगेच म्हणते, "कायची शहाणी, नुसती द्वाड आहे." नजर लागू नये म्हणून. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून कुणी ते खरं धरत नाही. रिसोडच्या त्या शाळेनं धरलं.

लेक तेव्हा चार वर्षांची होती. आमचं घर भाजीच्या मळ्यावर चालतं. पोरीनं चांगल्या शाळेत शिकावं एवढा एकच हट्ट मी धरला होता. प्रवेशाआधी मॅडमनी मला समोर बसवून तिच्या वागणुकीचे प्रश्न विचारले. ऐकते का? "कुठची ऐकते!" एका जागी बसते का? "छे, भिंगरी आहे." हट्ट करते? "लय." एकटी झोपते का? मला हसूच आलं. एवढंसं लेकरू कुणी एकटं झोपवतं का? मी नाही म्हटलं. मॅडम प्रत्येक उत्तरावर खूण करत होत्या. लेक त्याच खोलीत बाकावर हाताची घडी घालून गप्प बसली होती. तिच्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. माझ्यानंतर एका साहेबांची बायको आली. तिचा मुलगा तिला लाथा झाडत होता आणि ती सांगत होती, "अगदी शांत आहे हो." त्याला प्रवेश मिळाला.

आम्हाला निरोप आला: मुलीच्या वागण्यात अडचण दिसते, अकोल्याला डॉक्टरांना दाखवा, मग पाहू. मी धावत गेले. म्हटलं, मॅडम, ती सकाळभर आजीजवळ बसून मेथीच्या जुड्या लावते, फार गुणाची आहे. त्या म्हणाल्या, "आता प्रवेश अडला म्हणून तुम्ही असं सांगताय." म्हणजे वाईट सांगितलं ते खरं आणि चांगलं सांगितलं ते खोटं! हा कुठला न्याय? माझं तर डोकंच फिरलं.

पुढच्या वर्षी दुसरी शाळा, प्रश्न तेच. या वेळी सासूबाई सोबत होत्या. मी मन घट्ट करून सांगत गेले: शहाणी आहे, ऐकते, कसलाच त्रास नाही, एकटी झोपते. सासूबाईंनी पदराआडून माझा हात दाबला. मी थांबले नाही. प्रवेश तिथल्या तिथे पक्का झाला.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "काहून व बाई, आपल्याच लेकराले नजर लावून राह्यली?" घरी येताच त्यांनी लेकीवरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या.

त्याच आठवड्यात लेकीला ताप भरला. ताप हवेचाच होता, साऱ्या गल्लीतली पोरं आजारी होती. सासूबाई तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "भेटली न तुले साळा?"

त्या क्षणी मलाही वाटत होतं की हा ताप माझ्याच तोंडानं आणला. आईला असं वाटायला लावणाऱ्या त्या प्रश्नांना मी अजून माफ केलेलं नाही.