मशीनमधली पोथी

घरातलं काही बोलायचं झालं की ती आधी पदराचं टोक टॅबवर टाकायची. तो नीट झाकला गेला याची खात्री झाली की आवाज खाली आणून म्हणायची, "याला कान हायत. आता बोल." टॅब बंद असला तरी हेच. एकदा काउंटरवर माझा कॅल्क्युलेटर पडला होता, तोही तिने झाकला.

संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भाजीवालीचा काटा वाकून बघणारी, रिक्षात बसल्यापासून उतरेपर्यंत रस्ता सांगत राहणारी. पण त्यांचा निदान कोणावर तरी विश्वास असतो. हिच्याकडे पक्षपात नव्हता. सगळ्या जगावर सारखाच संशय. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. असती तर पहिला प्रश्न हाच आला असता, "माजा नाव तुला कशाला पायजे?"

कामतघरला माझं मोबाइलचं दुकान आहे. शेजारी कापड विणणाऱ्या लूमची खडखड एवढी, की गिऱ्हाईक आणि मी एकमेकांवर ओरडूनच धंदा करतो. अशा दुकानात ही सत्तरी ओलांडलेली बाई काल्हेरहून रिक्षा करून आली आणि कुजबुजायला लागली. मला एक अक्षर ऐकू येईना.

"आजी, मोठ्याने बोला. आणि काल्हेरला दुकानं नाहीत का?"

"हायत ना. पन तिथं मी आत गेली का बाहेर यायच्या आधी माज्या जावेला कललेलं असतंय."

ही जाऊ म्हणजे धाकट्या दिराची बायको, घराला घर लागून. दोघींच्या शेतांवर आता गोदामं उभी आहेत आणि गोदामांच्या भाड्यावर घरं. घरात टीव्ही, एसी, सगळं होतं. तिला मात्र हवं होतं असं काहीतरी ज्यात अक्षर मोठं होईल.

गोष्ट अशी होती. श्रावणात तिच्या ओटीवर आळीतल्या बायका दुपारच्या पोथी ऐकायला जमायच्या. सासूने स्वतः तिच्या पुढ्यात पोथी ठेवली होती, तेव्हापासून वाचायचा मान तिचा. आता डोळ्यांचा पडदा मागून सुकत चालला होता. चष्मा बदलून झाला, भिंग झालं, डॉक्टरांनी थेंब दिले आणि पुढचं काही बोलले नाहीत. "अक्षरा मुंग्यांवानी पलतात," ती म्हणाली. "श्रावनापर्यंत जमला न्हाय तर पोथी जावेकडं जानार. ती टपलेलीच हाय."

मी तिला आधी ई-रीडर दाखवला. नुसतं वाचायचं यंत्र, कागदासारखा पडदा, डोळ्याला त्रास नाही. तिने तो उलटा केला, हुंगला, दुकानाच्या पायरीवर जाऊन उन्हात धरला. अक्षरं स्वच्छ दिसत होती. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात पान उलटलं, आणि या यंत्रांत पान उलटताना पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा पांढरा होतो. ती थबकली. पुन्हा पान उलटलं.

"यो डोला मारतो," ती म्हणाली.

"आजी, ते तसंच असतं."

"तसंच असतंय म्हंजे? मी पोथी वाचनार आनि यो मना डोला मारनार?"

ई-रीडर बाद झाला. मग टॅब. मोठा घेतला तर मनगट दुखेल, लहान घेतला तर ओळी तुटतील, स्वस्तातला का स्वस्त आणि महागातला कोणाच्या खिशात जातो, असं आठवडाभर चाललं. ती रोज यायची. मी वैतागायचो. खरं सांगतो, एक दिवस ती आली नाही तर मीच शटरपाशी जाऊन रिक्षा बघत उभा होतो.

शेवटी एक टॅब पसंत पडला. त्यात मी पोथी भरून दिली, अक्षर बोटभर मोठं केलं. तिचा चेहरा उजळला, आणि लगेच मावळला.

"हीच ती पोथी कशावरून?"

म्हणजे बघा. कागदावरची पोथी सासूकडून आलेली, तिच्यात खोट नाही. पण मशीनमधली कोणी भरली, मधे काय गाळलं, काय घुसडलं, कोण सांगणार? मला समोर बसवून तिने टॅबमधली पोथी पहिल्या अध्यायापासून वाचायला लावली. गिऱ्हाइकं आली की थांबायचं, गेली की पुढे. ती डोळे मिटून ऐकायची आणि ओठ माझ्या आधी हलायचे. पोथी संपली तरी एकही चूक निघाली नाही. त्याने ती जास्तच अस्वस्थ झाली. "कुठंच न्हाय? मंग अजून बघाया पायजे."

"आजी, तुम्हाला तर सगळी पाठ आहे. मग मशीन कशाला? डोळे मिटून म्हणा की."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी चोरी करायला सांगितली.

"पोथी वाचायची असते, बाला. म्हनायची न्हाय. माज्या डोस्क्याचा काय भरवसा? मधीच आपला शबूद घालल, मना कलनार बी न्हाय. अक्षरावर नजर पायजे."

स्वतःच्या डोक्यावरही संशय. तेव्हा मला हसू आलं. पण नंतर तिच्याबद्दल जो आदर वाटायला लागला तो तिथून.

श्रावणात व्हायचं तेच झालं. बायका कुरकुरल्या. मोबाइलच्या मोठ्या भावावर कुठे पोथी वाचतात का, असं झालं. जाऊ उठली, आतून कागदाची पोथी आणली, मांडीवर घेऊन हिच्यासमोर बसली. ही वाचणार, ती ताडून बघणार. समाप्तीला मला प्रसादाचं बोलावणं होतं. मान नव्हता तो, ऐनवेळी मशीन अडलं तर हाताशी माणूस हवा म्हणून. मी ओटीच्या कडेला बसून ते बघितलं. बाहेर गोदामाच्या रस्त्यावर ट्रक हॉर्न देत होते. हिचं बोट काचेच्या किंचित वर, काचेला न लागता सरकत होतं, कारण घामेजल्या बोटाने पोथी खराब होते. समोर जावेचं बोट कागदावर. दोघींच्या कपाळाला सारख्याच आठ्या.

दोन दिवसांनी ती तरातरा दुकानात आली. "गंडवलंस. चार्ज होत न्हाय."

मी टॅब हातात घेतला. काचेवर हळद, कडांना कुंकू, मागच्या बाजूला फुलाची पाकळी चिकटलेली. चार्जिंगच्या भोकात टाचणी घातली तर तांदळाचा लाल दाणा बाहेर आला. समाप्तीला पोथीची पूजा करतात, तशी हिने टॅबची केली होती, अक्षतांसकट.

तिने दाणा तळहातावर घेऊन निरखला. "हा तिनंच घातला," ती म्हणाली. जावेचं नाव घ्यायची गरज नव्हती.

"आजी, पूजा तुम्ही केलीत."

"केली. पन मी वरून टाकल्या. आत कोनी घातल्या?"

पुढच्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर ती आली तेव्हा रिक्षातून उतरताना तिने पायाने जमीन चाचपली. अक्षर अजून मोठं कर म्हणाली. केलं. अजून. केलं. शेवटी पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावायला लागला. "दिसतंय ना आजी?" "दिसतंय." मला शंका आली. मी म्हटलं, हे मशीन स्वतः वाचूनही दाखवतं, तुम्ही नुसतं ऐका. आणि चालू केलं. एक पुरुषी आवाज सपाट सुरात पोथी वाचायला लागला.

तिने झटकन पदर टाकला.

"यो कोन?"

"कोणी नाही आजी. मशीन."

"कुठल्या गावचा?"

"अहो, माणूस नाहीच तो."

"मंग त्याला काय कलनार कुठं थांबायचं ते," ती म्हणाली आणि टॅब पिशवीत घालून निघाली. दुकानाची पायरी उतरताना मी तिचा हात धरला. तिने धरू दिला.

माघात ती गेली. झोपेतच, म्हणे. मला आठवड्याने कळलं.

आषाढ सरताना तिची जाऊ दुकानात आली. फडक्यात टॅब बांधलेला. माझ्या मनात पहिलं आलं ते वाईटच, विकायला आणला असणार. म्हातारीच्या संगतीने मलाही तशी खोड लागली होती.

"यंदा पोथी तुम्ही वाचणार?"

"कोन वाचनार दुसरा."

मी टॅब चालू केला. काचभर एकच शब्द. "तुमच्या डोळ्याला बेताचं करून देतो."

"ऱ्हाऊ दे तेवराच. मी कागदाची वाचीन. यो नुसता तिच्या पाटावर ठेवायचा हाय. पन मधीच काला पडतो, तो पडाया नको. तेवरा करून दे."

"नुसताच ठेवायचा, तर काळा पडला म्हणून काय झालं?"

ती स्टुलावर बसली. लूमच्या खडखडीत मला पुढे वाकावं लागलं.

"गेल्या साली तिला कायच दिसत नव्हता. एका दुपारी बघते तर काच काली. चालू करायचीच इसरलेली. आनि बोट फिरतंय, वाचतेय. माज्या मांडीवर पोथी. मी बघतेय, शबूद चुकत न्हाय."

"मग?"

"मंग काय. दुसऱ्या दिसापासून ती पाय धुवाया मागं गेली का मी चालू करून ठेवायची. काला पडला का बोट लावायची. बायांना दिसाया नको."

"आजींना कळलं नाही?"

"तिला वाटायचा मी चुका धराया बसलेय. पहिल्या साली व्हतीच तशी बसलेली." तिने फडक्याची घडी करून मांडीवर ठेवली. "एकदा अडली. मी हलूच शबूद सांगितला. तर तोंड माज्याकडं केला आनि इचारते, बघून सांगतेस का आठवून?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"बघून, म्हनली. तवा शबूद घेतला तिनं."

मी सेटिंगमध्ये जाऊन पडदा काळा पडणं बंद केलं आणि टॅब तिच्यासमोर काउंटरवर ठेवला. ती त्याच्याकडे बघत बसून राहिली, खात्री पटेपर्यंत.