वलांडीवरचा अँटेना

शेजारणीला सुक्या बोंबलाचा वास खपत नाही. मी बोंबील भाजायला घेतले की तिची खिडकी धाडकन बंद होते, आणि मला साठच्या दशकातली शिरगावची ती दुपार आठवते.

मी तेव्हा सरकारी खात्यात रेडिओ इंजिनिअर होते, आणि खोल समुद्रातल्या होडीशी वायरलेसवर बोलता यावं म्हणून मी अँटेना आखला होता. चार तारा ठरावीक अंतरावर, म्हणजे लहरींचा सगळा जोर एकाच दिशेला, समुद्राकडे. त्यासाठी मागवलेले लोखंडी खांब काही आले नाहीत. मग कोळीण काशीआयनं बोंबील वाळवायची बांबूची वलांडी अर्धी रिकामी करून दिली, आणि मी तारा तिच्यावरच ताणल्या.

मुंबईहून पाहणीला आलेले माझे साहेब नाकाला रुमाल लावून भडकले. "मासळीशेजारी अँटेना? उतरवा, नाहीतर उद्यापासून ऑफिसात फायली लावा!"

"आधी ऐका, मग बोला," मी वायरलेसचं बटण फिरवत म्हणाले.

काशीआय आडवी उभी राहिली. "वलांडी माजी हाय. कोन उतरवतंय बगू!"

तेवढ्यात वायरलेसवर, होडीवर गेलेल्या तिच्या लेकाचा आवाज खणखणीत आला, "आये, ऐकतेस नं?"

साहेबांनी नाकावरचा रुमाल काढला नाही, पण पुन्हा 'उतरवा' म्हणाले नाहीत.

तेव्हा वाटलं, माझं गणित जिंकलं. आता वाटतं, आम्ही दोघी हटलो नाही म्हणून तो आवाज पोचला.

शेजारणीची खिडकी बंदच आहे. मी माझी सताड उघडते आणि तव्यावर आणखी चार बोंबील टाकते.