बिनआवाजाची भाकरी

लग्न होऊन लातूरला आले तेव्हा मला एकच गोष्ट बजावून सांगायला हवी होती, आणि नेमकी तीच कुणी सांगितली नाही. या घरात भाकरी थापायची नाही.

मी मुखेडकडची. आमच्याकडं चपाती म्हणजे पाव्हणे आले तर. रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी नाहीतर शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. भाकरी मला डोळ्यांत झोप असताना पण जमायची. सासरी स्वयंपाकाला लागले त्या पहिल्या संध्याकाळी मी हौसेनं काटवट मागितली, म्हणजे भाकरी मळायची-थापायची लाकडी परात. घरात नव्हतीच. म्हटलं, काय बाई लोक आहेत! नाक मुरडलं, स्टीलची परात पुढं ओढली आणि बसले थापायला.

दुसरीच भाकरी असेल. मागं काहीतरी सरकल्यासारखं वाटलं म्हणून वळले, तर सासरे स्वयंपाकघराच्या दारात पालथे पडलेले. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. मला वाटलं, चक्कर आली. पण डोळे टक्क उघडे होते. एक कान फरशीला लावलेला आणि मुठीनं ते फरशीवर हळूहळू ठोकत होते.

"आलो," ते फरशीला म्हणाले. "हलू नको. आलोच बघ."

परात तशीच टाकून मी बाहेर पळाले.

मग आमच्या ह्यांनी अंगणात बसवून सांगितलं. भूकंपात गावातलं घर बसलं. माळवदाचं घर, वर हातभर मातीचं छत, दगडाच्या भिंती. हे तेव्हा शिकायला लातूरला होते. आप्पा बाहेर बाजेवर झोपले होते म्हणून वाचले, सासूबाई आत राहिल्या. उजाडल्यावर ढिगाऱ्याखालून आवाज यायला लागला. थप, थप, थप. त्यांचा एक हात मोकळा असणार आणि हाताशी काटवट. बोलायला तोंडात माती, म्हणून त्या काटवटीवर तळवा आपटत होत्या. आप्पा नखं तुटेपर्यंत उकरत होते. शेजारीपाजारी आपापल्या माणसांना उकरत होते, कोण कुणाला मदत करणार? आप्पा फरशीला बोलायचे ते तेच, त्या दिवशी दगडांना बोललेलं. दुपारी आवाज बंद झाला.

"आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" मी चिडून विचारलं.

"सांगणार कसं?" हे म्हणाले.

सासूबाईंना मी फोटोत पण पाहिलं नाही. फोटो घराबरोबरच गेले. पण त्या संध्याकाळी मला वाटलं, मी त्यांच्या जागेवर बसून आले.

तेव्हापासून घरात चपाती, भात आणि पाव. आप्पाही निवांत. पुढं लातूरला क्लासेसचं पेव फुटलं. आमच्या गल्लीत जो तो वरचा मजला चढवून पोरांना खोल्या देऊ लागला, आणि पोरं आली म्हटल्यावर मेस आल्या. समोर एक, डाव्या हाताला एक, मागच्या बोळात एक. खेड्यापाड्यातली पोरं, त्यांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. दिवेलागण झाली की प्रत्येक मेसमध्ये दोघी-तिघी बायका थापायला बसायच्या. सगळी गल्ली थप थप करायची. मी मेलीनं कान झाकले तरी पायाखालनं यायचा आवाज.

आप्पा त्या वेळेला धोतर सावरून बाहेर पडायचे. म्हणायचे, "जरा पाय मोकळे करून येतो." पाय कसले मोकळे! थेट एसटी स्टँडवर. तिथं गाड्यांच्या धडधडीत दुसरं काही ऐकू येत नाही. हॉटेलात बसून पुरीभाजी, वर गुलाबजाम, वर बशीत ओतून साखरेचा चहा. आमचं लिंगायताचं घर, अंडं कधी उंबरा ओलांडून आलं नाही. आम्हाला वाटायचं, शाकाहारी माणूस, निर्व्यसनी माणूस, त्याला काय होतंय? अहो, शुगर काय बकरं खाणाऱ्यालाच होते का?

आप्पांच्या अंगठ्याला चपलेनं साधं लागलं आणि ते भरेचना. दवाखान्यात नेलं तर शुगर आभाळाला टेकलेली. डॉक्टर फटकळ होते. म्हणाले, "गोळ्या मी देतो, पण तोंडाला कुलूप मी लावू शकत नाही. हॉटेल बंद. पाव, खारी, भाताचे डोंगर बंद. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, आणि रोज चालणं. नाही ऐकलं तर आज अंगठा कापीन, उद्या पाऊल."

"भाकरी," आप्पा नुसतं एवढंच म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं.

घरी आल्यावर मी पदर खोचला. पाय वाचवायचाच, मग सासूबाई आडव्या येवोत नाहीतर खुद्द यम. थापायची नाही ना? मग लाटू. गरम पाण्यात उकड काढली, पोळपाटावर पीठ भुरभुरलं आणि लाटणं इतकं हळू फिरवलं, जसं बाळाला कुरवाळावं. कडा फाटल्या, पण आवाज झाला नाही. माझी आई बघायला आली होती. कपाळावर हात मारून म्हणाली, "ही कसली भाकर गं? चपातीची सावत्र बहीण!" म्हटलं, सावत्र तर सावत्र, पोटात गेल्याशी मतलब.

संध्याकाळी खिडक्या लावायच्या, फटींत चिंध्या कोंबायच्या, टीव्ही मोठ्यानं लावायचा, आणि आप्पांसमोर ताट ठेवायचं. चुक्याची भाजी, मटकीची उसळ, मेथी, घोळूची पालेभाजी. आप्पा मुकाट्यानं जेवायचे. सकाळी चालून यायचे. अंगठ्याची जखम आतून लाल दिसायला लागली, म्हणजे भरत होती. डॉक्टर पहिल्यांदा हसले. मी तर अशी फुशारले, की गल्लीत दहा जणींना सांगितलं, माझी बिनआवाजाची भाकरी.

मग दिवाळीची सुट्टी लागली. क्लासेस बंद, पोरं गावाला गेली, मेसच्या बायकाही गेल्या. गल्ली अशी ओस पडली, की कुत्रं चाललं तरी नखं वाजायची. घरात टीव्ही लावायचीही गरज उरली नाही. आणि आप्पांनी जेवण सोडलं.

आधी म्हणायचे, भूक नाही. मग घास तोंडात घेऊन तसेच बसायचे, तो खाली उतरायचाच नाही. गोळ्या पोटात आणि पोट रिकामं. एका दुपारी हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला. घाईघाईनं गूळपाणी पाजलं. डॉक्टर मलाच ओरडले, "गोळ्या घेऊन उपाशी ठेवता म्हाताऱ्याला? मारायचंय का?" जखमही परत पांढरी पडली. मी रडकुंडीला आले. पथ्य केलं ते पायासाठी, आणि इथं जिवावरच आलं.

त्याच सुट्टीतली एक दुपार. मी भांडी पुसत होते. स्वयंपाकघराच्या फरशीखालून आवाज आला. थप. थोड्या वेळानं परत, थप. समोरच्या मेसला कुलूप, मागच्या बोळात माणूस नाही. मी तळवा फरशीवर ठेवला. फरशी गार होती. आवाज पुन्हा आला नाही. कुणाला सांगू? लोक म्हणतील, सासऱ्याचं येड सुनेला लागलं.

बाहेरच्या खोलीत आले तर आप्पा पालथे. कान फरशीला. या वेळी ते ठोकत नव्हते. "आलो"ही म्हणत नव्हते. लहान पोरानं बंद दाराबाहेर विचारावं तसं विचारत होते, "हायेस का गं? ए, हायेस का?"

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. "आप्पा, उठा. मी आवाज बंद केलाय ना आता? का असं करायलात?"

त्यांनी मान वळवली. गालावर फरशीची धूळ होती.

"तू चिंध्या कोंबल्यास तरी फरशीतनं यायचा," ते म्हणाले. "आवाज होता तवर ती होती. म्या पळून जायचो, स्टँडावर बसायचो, पर मला ठावं असायचं, घराकडं ती हाय. थापायलीय. आता न्हाई. त्या दिवशीबी दुपारचंच बंद झालतं. मग घास कसा उतरंल, पोरी?"

इतकी वर्षं आम्ही सगळे त्या आवाजाला भ्यायलो, आणि आप्पा भ्यायचे ते तो थांबण्याला. आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं, ह्यांना पण नाही.

मी उठले. शेजारणीकडून काटवट मागून आणली. खिडक्यांच्या चिंध्या उपसल्या. पीठ मळलं. आप्पांना हाताला धरून, ओट्यावरून खाली घेतलेल्या शेगडीजवळ, माझ्यासमोर बसवलं आणि ताटात चुक्याची भाजी वाढली. पहिला तळवा काटवटीवर पडला तेव्हा आप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता पडतात.

पडले नाहीत. भाकरी तव्यावरून काढून ताटात टाकली, तशी त्यांनी तुकडा मोडला आणि भाजीला लावला. मी दुसरी थापायला घेतली. आवाज होता तोवर त्यांचं तोंड हलत होतं. मी तवा बघायला थांबले की तेही थांबायचे, घास गालात धरून माझ्या हाताकडं बघत बसायचे. मग मी एका हातानं भाकरी उलटायची आणि दुसरा हात चालू ठेवायची. एक भाकरी करपली. करपू दे.

पीठ संपलं तेव्हा आप्पांच्या हातात शेवटचा तुकडा होता. तो त्यांनी तोंडाजवळ नेला आणि तिथंच धरला. मी रिकाम्या काटवटीवर थापत राहिले. लाकूड तळहाताला चटचट लागत होतं.

"संपलं का गं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी ते मला विचारलं नव्हतं, एवढं मला कळलं.

"न्हाई," मी म्हणाले. "हाय अजून. तुम्ही जेवा."

आप्पांनी घास तोंडात घातला.