हळदीचा पेपर

वसमतच्या बसस्थानकासमोर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं खत-औषधांचं दुकान आहे. घरच्या गुलाबावर मावा पडला म्हणून एकदा मी तिथं गेले. त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला आणि चहा यायच्या आत माझी खरडपट्टी काढली.

"मॅडम, राग मानू नका," तो म्हणाला. "शेवाळाचं जीवनचक्र मला अजून तोंडपाठ हाये. पण माणूस हळदीचं पिवळं पडलेलं झाड उपटून आणतो अन् इचारतो, हे काहून झालं? मंग मी कंपनीच्या माणसाला फोन लावतो. तीन वर्षं काय शिकलो मी तुमच्याकडं?"

राग आलाच. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि बरं शिकवते असा माझा समज होता. पोराला दोन उत्तरं सुनावावीत असं वाटलं, पण सुनावायला काही सापडेना. आमच्या पुस्तकात चहा होता, कॉफी होती, रबराचा चीक कसा काढतात त्याची आकृती होती. हळद एका ओळीत उरकली होती, तीही लॅटिन नावासकट. आणि हे पुस्तक आम्ही वसमतमध्ये शिकवत होतो, जिथं हंगामात बाजाराच्या रस्त्यानं चालताना रुमालसुद्धा पिवळा होतो.

योगायोग म्हणा, त्याच वर्षी नवं शैक्षणिक धोरण आलं आणि विद्यापीठानं सगळे अभ्यासक्रम नव्यानं लिहायला काढले. परिपत्रकात 'बदलत्या गरजा' हे शब्द इतक्या वेळा आले होते की ते वाचणाऱ्यालाच गरज वाटावी. आमच्या विषयाच्या अभ्यास मंडळावर मला नुकतंच घेतलं होतं. मंडळाचे अध्यक्ष माझे सर होते. एम.एस्सी.ला त्यांनीच मला शिकवलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली पान इतकं पातळ कसं कापायचं की उजेड आरपार जावा, हे त्यांनी माझा हात धरून दाखवलं होतं. प्रयोगशाळा बंद झाल्यावरही ते मला बसू द्यायचे. माझ्या घरच्यांपुढं मी त्यांचं नाव देवासारखं घ्यायचे, आणि आमच्या घरात देव नव्हते.

बैठकीच्या तयारीला मी महिनाभर लावला. जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. कुणी हळदीच्या कारखान्यात तपासणीला होतं, कुणी रोपवाटिका चालवत होतं, बरेचजण स्पर्धा परीक्षेच्या नादात घरी बसून होते. सगळ्यांना एकच विचारलं, आम्ही काय शिकवायला पाहिजे होतं? त्यांच्या उत्तरांवरून मी एका पेपरचा आराखडा केला. बेण्याची निवड, कंदकूज आणि कंदमाशी, शिजवणं-वाळवणं-पॉलिश, रंगद्रव्याची तपासणी. प्रात्यक्षिकं सगळी इथल्या मातीत होणारी.

बैठकीत आमच्यापुढं जो मसुदा ठेवला तो उचललेला होता, हे पहिल्या पानावरच कळलं. कोकणातल्या कुठल्या तरी अभ्यासक्रमावरून घेतलेला असावा, कारण प्रात्यक्षिकांत लिहिलं होतं, समुद्रकिनाऱ्यास भेट आणि सागरी शेवाळांचं संकलन. हिंगोली जिल्ह्यातल्या पोरांना! आमच्यातल्या कित्येकांनी समुद्र मोबाईलवरच पाहिलेला. मी ते वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. सगळे अध्यक्षांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"समुद्राच्या जागी शेततळं असं करून घ्या," सर म्हणाले. "पुढचा विषय."

मी माझा आराखडा मांडला. बोलताना माझा आवाज नेहमीपेक्षा चढा होता, ते मला कळत होतं. सरांनी मधे अडवलं नाही. पूर्ण ऐकलं, चष्मा काढला, पुसला.

"मॅडम," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला मॅडम म्हटलं नव्हतं. कायम एकेरी, मुलीसारखं. "हे विद्यापीठ आहे. कृषी खात्याचं शिबिर नाही. हळद कशी शिजवायची हे शिकवायला पदवी कशाला लागते? ते तुमच्या वडिलांनाही येत असेल."

माझं आडनाव, माझं गाव, आमची वस्ती, एवढ्यावरून त्यांनी जे धरायचं ते धरलं होतं. मी त्यांच्या हाताखाली शिकले तेव्हापासून धरलं असणार. त्या सगळ्या संध्याकाळी, प्रयोगशाळेत मला बसू देताना, ते माझ्याकडं नेमकं काय म्हणून बघत होते, हा प्रश्न मला तिथं पहिल्यांदा पडला.

"माझे वडील एसटीत कंडक्टर होते, सर," मी म्हणाले. "त्यांना हळद फक्त भाजीतली ठाऊक. आणि त्यांना ती शिजवता येत असती तरी ते शिकवण्यासारखंच असतं."

कुणीतरी घसा खाकरला. माझ्या शेजारचे गृहस्थ, एका मोठ्या महाविद्यालयाचे विभागप्रमुख, पेनाचं टोपण काढत-लावत बसले. चहाच्या सुट्टीत तेच जिन्यात गाठून म्हणाले, "तुमचं बराबर होतं, मॅडम." मी विचारलं, मग आत काहून नाही बोललात? ते म्हणाले, "पेपर बदलला की आमचा कार्यभार कमी होतो हो. एक जागा जाते." असं होतं ते सगळं. त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात आपापल्या तासांचा हिशोब चालला होता. बदलत्या गरजा होत्या, पण त्या आमच्या स्वतःच्या.

तरी पेपर मंजूर झाला. मी हट्टच धरला, माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा म्हणाले, तेव्हा सर एकदम मऊ झाले. "ठीक आहे, ऐच्छिक पेपर म्हणून घेऊ. तपशील मी बघतो." मला वाटलं, जिंकले. मूर्ख होते.

उन्हाळ्यात अभ्यासक्रम संकेतस्थळावर आला. पेपरचं नाव 'मसाला पिकांचे वनस्पतिशास्त्र'. पहिल्या भागात वेलदोडा, दुसऱ्यात लवंग आणि जायफळ, तिसऱ्यात मिरी आणि दालचिनी. हळद शेवटच्या भागात, आल्याबरोबर. प्रात्यक्षिकांत वेलदोड्याच्या मळ्याला भेट. आणि संदर्भग्रंथांत पहिलं नाव सरांच्या स्वतःच्या पुस्तकाचं, ज्यात ही सगळी प्रकरणं याच क्रमानं आहेत. पुस्तकाप्रमाणे अभ्यासक्रम बेतला होता.

मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी बसायला सांगितलं नाही.

"सर, वेलदोडा आपल्याकडं कुठं होतो?"

"मुलांचं ज्ञान जिल्ह्यापुरतं ठेवायचं का?" ते म्हणाले. "तुझी पोरं उद्या केरळात गेली तर?"

"आमची पोरं परभणीला जायलाही घरी विचारतात."

"मग तो तुझा प्रश्न आहे." आता परत एकेरीवर आले होते. "तुला मी घडवलं. सूक्ष्मदर्शक लावता येत नव्हता तुला. आज मला अभ्यासक्रम शिकवतेस?"

"तुम्ही घडवलंत म्हणूनच आले. दुसरं कुणी असतं तर आले नसते."

ते फाईल उघडून वाचायला लागले. मी निघाले. वसमतच्या गाडीत बसायला जागा नव्हती. दांड्याला धरून उभ्यानं येताना मी मनातल्या मनात त्यांना जे जे बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

मग मी ठरवलं, कागदावर काहीही असो, वर्गात मी हळदच शिकवणार. वेलदोडा आठवड्याभरात उरकला. उरलेलं सत्र हळदीला दिलं. कुजलेले कंद आणले, पोरींनी नाकाला ओढण्या बांधून ते कापले, बुरशी काचेवर घेऊन बघितली. एका शेतावर हळद शिजवायचा मोठा कुकर बघायला गेलो. पोरं खूश होती. मीही खूश होते, आणि मला वाटत होतं की विद्यापीठाच्या नाकावर टिच्चून मी काहीतरी करून राहिले.

परीक्षेचा पेपर सरांच्या पुस्तकातून निघाला. वेलदोड्याच्या फुलाची रचना, लवंगेच्या कळीची प्रतवारी, जायफळाचं बीज. हळदीवर एक टीप, तीही 'किंवा' लावून. माझ्या वर्गातली अर्धी पोरं त्या विषयात नापास झाली.

निकालानंतर जवळा बाजार या गावाहून येणारी एक मुलगी मला स्टाफरूमच्या दारात भेटली. वर्गातली सगळ्यात हुशार. तिनं आत यायला नकार दिला.

"मॅडम, पेपरात येत न्हाई ते तुमी काहून शिकवलं?"

"कारण ते तुझ्या कामाचं होतं."

"माझ्या कामाचं पास होणं होतं," ती म्हणाली. रडत नव्हती. चांगली संतापली होती. "तुमचं अन् त्या सरांचं भांडण हाये म्हणतात सगळे. तुमच्या भांडणात आमचं वाटोळं झालं. माझ्या घरी आता लग्नाचं बघून राहिले, एका विषयासाठी पुन्हा फी कोण भरंल?"

मी तिला म्हणाले, मी तुझ्या घरी येऊन बोलते. ती म्हणाली, "नका येऊ." आणि गेली.

प्राचार्यांनीही बोलावलं. ते एरवी भले गृहस्थ, पण त्या दिवशी टेबलावर बोट आपटत बोलले. "मंजूर अभ्यासक्रम शिकवा, मॅडम. क्रांती सुट्टीच्या दिवशी करा." मी त्यांना उलट उत्तर दिलं, ते इथं देत नाही. पण पुढच्या सत्रात मी वेलदोडा शिकवला. फळ्यावर फूल काढलं, भागांची नावं लिहिली, पोरांनी उतरवून घेतली. त्या पोरीनं पुरवणी परीक्षा दिली आणि सुटली, हे मला दुसऱ्या मुलींकडून कळलं. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. तिचा माझ्यावरचा राग मला मान्य आहे. फक्त तो जिथं पोचायला पाहिजे होता तिथं कधी पोचला नाही. ज्यांनी हळदीचा पेपर वेलदोड्याचा केला त्यांना ती ओळखतही नव्हती. समोर मी होते.

मंडळाची मुदत संपली तेव्हा माझं नाव पुन्हा आलं नाही. त्यानंतर अभ्यासक्रमात आणखी एक सुधारणा झाली. विद्यार्थी कमी घेतात या कारणानं आमचा ऐच्छिक पेपर काढून टाकला. त्या जागी संगणकाचा एक पेपर आला. आमच्या महाविद्यालयात तो शिकवायला कुणी नाही, म्हणून तोही मीच शिकवते, आदल्या दिवशी वाचून. ज्या गरजांसाठी एवढा खटाटोप झाला, त्या कुणाच्या होत्या ते मला आजही कुणी सांगावं.

सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. गौरवग्रंथासाठी मला लेख मागितला. मी नाही म्हणून कळवलं. तेव्हापासून विषयातले लोक मला कृतघ्न म्हणतात, काही तोंडावर म्हणतात. एका रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा त्यांचा स्वतःचा फोन आला.

"सगळ्यांनी लिहिलं," ते म्हणाले. "तूच नाही लिहिलंस."

"नाही लिहिलं."

"मी तुझं काय वाईट केलं?"

मला वाटलं होतं, असं कधी विचारलं तर मी सगळं बोलेन. हळदीचं, त्या पोरीचं, बापाचं. पण त्यांचा आवाज खरंच गोंधळलेला होता. त्यांना आठवतच नव्हतं. आणि त्या न आठवण्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

"सर, तुम्ही मला पान कापायला शिकवलं, ते मी रोज वर्गात सांगते," मी म्हणाले. "तेवढं पुरे समजा."

"म्हणजे काय?"

त्यांनी दोनदा हॅलो म्हटलं. मग मी फोन ठेवला आणि बादलीतला पुढचा कपडा पिळायला घेतला.