संत्र्याची साल

"बोट नाही जी, नाक लावा!"

गिऱ्हाइकाने फळ दाबून पाहिलं की मनीषनगरच्या आमच्या कोपऱ्यावरची फळवाली त्याच्या हातावर हलकीच चापट मारायची आणि तेच फळ त्याच्या नाकाखाली धरायची. तुमच्याही कोपऱ्यावर अशी एखादी असेल. माझं मात्र तिच्याशी कधी जमलं नाही. कारण सरळ आहे. माझे मिस्टर तिचं ऐकायचे.

त्यांच्या किडन्या अधू झाल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद मी दोन रकान्यांत उतरवून फ्रिजवर लावला. चालेल: सफरचंद, नासपती, अननस, तेही वाटीभरच. बंद: केळी, चिकू, मोसंबी, संत्री. पोटॅशियम पुन्हा वाढलं तर भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नागपुरात राहून संत्री बंद! मला खावंसं वाटलं तर मी ओट्याशी उभी राहून, त्यांच्याकडे पाठ करून दोन मिनिटांत उरकायची.

सकाळी नऊला मी सफरचंद चिरून ठेवायची. दहाला ते तसंच, काळं पडलेलं.

मग ते संध्याकाळी फिरायला जाऊ लागले. परत आले की बोटांना संत्र्याचा वास.

"खाल्लंत?"

"नाही वं. तिच्या गाडीपाशी बसलो होतो जरा."

मला राग यायला दोन कारणं होती. संत्रं हे दुसरं.

एके दिवशी मी मागोमाग गेले. गाडीमागच्या बाकड्यावर दोघं बसलेले. ती संत्र्याची एकेक फोड सावकाश खात होती. यांच्या एका हातात साल, नाकाशी धरलेली. दुसऱ्या हातात सफरचंद. आणि ते चक्क मिटक्या मारत खात होते!

"या ताई," ती सरकून म्हणाली. "मी खाऊन राहिली, भाऊ वास घेऊन राहिले. काहून रागावता?"

"त्यांच्यासमोर खाता तुम्ही?"

"मंग काय लपून खाऊ? आमच्या घरच्यालेबी हाच आजार होता. मी चोरून खाल्लं, तं त्याले वाटे आपण आत्ताच मेलो."

मी तशीच पाठ फिरवून घरी आले. महिन्याभराने रिपोर्ट आला. पोटॅशियम उतरलं होतं. जीव भांड्यात पडला, पण यादी माझी आणि कौतुक तिचं, हे काही पचलं नाही.

या हंगामात ती नाही. गुडघे धरले म्हणून सावनेरला लेकीकडे गेली. तिच्या जागेवर आता मोबाईलची कव्हरं विकतात.

इकडे सफरचंद पुन्हा काळं पडू लागलं. शेवटी मी संत्री आणली, यांच्यासमोर बसले, साल त्यांच्या हातात दिली आणि भराभर फोडी तोंडात टाकू लागले.

त्यांनी साल हुंगली. सफरचंद उचललं.

"सावकाश खा वं," म्हणाले. "ती घाई नव्हती करत."

मी तोंडातली फोड गिळली. पुढची फोड एकेक शीर काढून इतकी सावकाश खाल्ली, की त्यांचं सफरचंद आधी संपलं.