यमपुरीत मी काय ओरडलो

यमपुरीतून मी जिवंत परत आलो, याबद्दल आमच्या घराण्यात दुमत नाही. मतभेद आहे तो आत असताना मी काय ओरडलो, एवढ्यापुरताच.

माझे मेहुणे वसंतराव (यापुढे वसंता, वयाने तो माझ्याहून लहान आहे आणि सत्यवचनात तर फारच लहान) गेली साठ वर्षे प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि एकदा तर तेराव्याच्या जेवणात सांगत आले आहेत की मी 'आई गं!' असे ओरडलो. लोक हसतात. हसणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की त्या क्षणी वसंता यमपुरीत नव्हता. तो जमिनीपासून चार मजले वर, आकाशपाळण्यात, आपल्या वडिलांचा सदरा घट्ट धरून बसला होता. अशा साक्षीदाराला कोणत्या न्यायालयात उभे करतील?

तेव्हा खरी हकीकत मीच सांगणे प्राप्त आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ते दिवस. मी तेवीस वर्षांचा, परळच्या चाळीत राहणारा, एका विमा कचेरीतला कारकून. परंतु माझी खरी ख्याती कारकुनीची नव्हती, आवाजाची होती. सकाळच्या फेरीत मी डिलाईल रोडच्या एका टोकाला 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हटले, की दुसऱ्या टोकाच्या चाळीतून, दात घासणारे लोक तोंडातल्या राखुंडीसकट 'झालाच पाहिजे!' असे उत्तर देत. घोषणेची रीतच ती होती. पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला ज्याच्या कानावर पडेल त्याने. तो ऐकूनही गप्प बसणारा माणूस त्या काळी गिरणगावात एक तर परका असे, नाही तर बहिरा.

अशा वेळी दादरच्या सुमतीचे स्थळ मला सांगून आले. मुलगी मला पसंत होती. (मी तिला एकदा ग्रंथालयात पाहिले होते. त्यानंतर त्या ग्रंथालयातली पुष्कळ पुस्तके मी न वाचता बदलली.) अडचण होती ती तिच्या वडिलांची. अण्णासाहेब सरकारी कचेरीत हेडक्लार्क. सेवानिवृत्तीला तीन वर्षे उरलेली. 'घोषणा देणारा जावई म्हणजे दाराशी पोलीस' असे त्यांचे मत. तरीही सुमतीच्या हट्टामुळे त्यांनी मला एकदा पाहण्याचे कबूल केले. तेही घरी नव्हे. परळच्या मैदानात तेव्हा एक मोठी आनंदजत्रा लागली होती. तिथे 'सहज' भेटायचे ठरले. सहज भेटण्यासाठी मी कोटाला इस्त्री करून घेतली आणि दीड तास आधी जाऊन उभा राहिलो.

मैदानाच्या दारावरच पाटी होती : 'आत घोषणा देण्यास सक्त मनाई आहे.' जमावबंदीच्या दिवसांत जत्रेला परवानगी मिळाली होती ती याच अटीवर. पाटीखाली एक जाडजूड हवालदार शेंगदाणे खात उभे होते.

अण्णासाहेब आले. बरोबर वसंता, सुमती आणि तिची मावशी. मावशींना मुद्दाम आणले होते. त्यांची नजर घारीसारखी होती आणि कान जन्मभराच्या विश्रांतीवर होते. तरुण मुलामुलीवर पहारा ठेवायला याहून सोयीची बाई मिळणे कठीण!

"काय हो," अण्णासाहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारले, "पाळण्यात बसणार ना?"

मी वर पाहिले. तो आकाशपाळणा चार दांडगे गडी हातांनी फिरवीत होते. वरचे पाळणे ढगांना घासत होते, आणि आतली माणसे आपापल्या कुलदैवतांना हाका मारीत होती.

वसंता सांगतो, की माझा चेहरा पांढरा पडला. पांढरा कोट घातला होता. त्याची झाक पडली असेल. उंचीला मी कधीच घाबरलो नाही. उंचीवरून खाली पाहणे मला तत्त्वतः नापसंत आहे, इतकेच.

"पाळण्यात कसले धाडस, अण्णासाहेब?" मी म्हणालो. "भीती वाटायलादेखील सवड लागते. पाळणा गरगर फिरतो. भ्यावे म्हणेपर्यंत माणूस खाली आलेला असतो. खरी कसोटी पाहायची तर ती तिकडे!"

आणि मी समोरच्या तंबूकडे बोट केले. त्यावर पाटी होती : 'यमपुरीची सफर'. काळ्या कापडाचा लांबच लांब तंबू. आत रुळांवर छोटी गाडी. मागून एक माणूस ती हळूहळू ढकलणार आणि दोन्ही बाजूंना नरकयातनांचे देखावे दिसणार. मुंगीच्या पायांनी जाणारी गाडी! मला ती अतिशय प्रशस्त वाटली.

"म्हणजे पाळण्याला भ्यालात," अण्णासाहेब म्हणाले. "जो तरुण पाळण्यात बसत नाही, तो संसारात काय बसणार? ठीक आहे. सुमती, तू आणि मावशी जा यांच्या त्या लहान मुलांच्या गाडीत. मी आणि वसंता पाळण्यातच बसतो. बाहेर आल्यावर मी माझा निर्णय सांगेन."

गाडीत तिघांची जागा होती. एका कडेला मी, दुसऱ्या कडेला सुमती, आणि मध्ये मावशी. म्हणजे मावशी कसल्या, सीमाप्रश्नच!

गाडी आत शिरली. पडदा पडला. अंधार असा, की स्वतःची इस्त्री दिसेना. चाके कुरकुरत होती आणि गाडी यमराजाच्या सिंहासनाकडे जाणारा चढ इतक्या संथपणे चढत होती, की प्रत्येक पापाची स्वतंत्र आठवण काढता यावी. उजवीकडे तेलाच्या कढईत एक पुतळा तळला जात होता. डावीकडे एकाची जीभ उपटत होते. पाटीवर लिहिले होते, 'खोटे बोलणारा'. (वसंताने हा देखावा पाहिला असता तर माझे पुष्कळ कष्ट वाचले असते.)

"भीती वाटत्येय का हो?" अंधारातून सुमतीने विचारले.

"छे! तुम्हांला?"

"मला हसू येतंय."

इतक्यात कोणीतरी माझ्या मानेवर हात ठेवला. हात थंड होता, ओला होता आणि त्याला पाच बोटे होती की सहा, हे मोजण्याइतका माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

इथे मूळ वादाचा मुद्दा येतो. बेसावध माणूस अशा वेळी काय करतो? जिभेला जे वळण असते तेच तिच्यावाटे बाहेर पडते. माझ्या जिभेला दोन वर्षे एकच वळण होते. मी पूर्ण ताकदीने ओरडलो :

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!"

आणि मग अंधाराच्या कानाकोपऱ्यांतून, कढईमागून, सिंहासनावरून, थेट माझ्या मानेमागून एकमुखी गर्जना झाली :

"झालाच पायजे!"

झाले होते असे, की यमदूतांची कामे करायला जत्रावाल्याने आसपासच्या चाळींतलेच गिरणी कामगार धरले होते. पाळी सुटली, की ते अंगाला काजळ फासून नरकात हजर होत. अर्धी घोषणा कानी पडल्यावर ते गप्प कसे बसणार? सिंहासनावरच्या यमराजाने पाश फेकून मूठ उंचावली. तळला जाणारा पुतळा म्हणून मी ज्याला समजत होतो, तोही कढईतून उठून उभा राहिला!

"अरे, ह्यो तर आपलोच माणूस! फेरीतलो!" मानेवर हात ठेवणारा यमदूत आनंदाने म्हणाला.

"परत दी रे घोषणा!" कढईतला ओरडला. "माका नीट आयकाक येवक नाय!"

आणि हे सगळे होईपर्यंत कोणाच्याच ध्यानात आले नाही, की आमची गाडी ढकलणाऱ्या माणसानेही दोन्ही हात वर केले होते.

गाडी चढावर होती. ती आधी विचार करीत थांबली. मग मागे निघाली. मग सुटली! ज्या वेगाला मी तत्त्वतः नकार दिला होता तो वेग मला उलट्या दिशेने, काळोखात आणि फुकट मिळाला. पाटी, जीभ, कढई, सगळी पापे उलट क्रमाने झरझर नजरेसमोरून गेली. धीर देण्यासाठी मी सुमतीचा हात घट्ट धरला. प्रवेशद्वाराचा पडदा फाडून आम्ही बाहेर रांगेतल्या लोकांत घुसलो, आणि उजेडात पाहतो तर तो हात मावशींचा होता! त्यांच्या दोन बांगड्या वाढल्या होत्या.

"चांगला आहे मुलगा," मावशी सुमतीला मोठ्याने म्हणाल्या, "पण हात फार धरतो."

परंतु तिकडे पाहायला कोणाला सवड होती? तंबूतून यमराजासह सगळे यमदूत घोषणा देत बाहेर आले होते. रांगेने ती उचलली. रांगेची भेळवाल्यांनी, भेळवाल्यांची पाळणेवाल्यांनी. पाळणा फिरवणाऱ्या चारही गड्यांनी दांड्या सोडून मुठी उंचावल्या, आणि तो अजस्र पाळणा किर्रर्र करीत थांबला. सर्वांत उंच पाळण्यात कोण होते, हे सांगायला हवे काय?

"मला खाली उतरवा!" वरून अण्णासाहेब ओरडले.

खालच्या लोकांना वाटले, कोणी पुढारी वरून भाषण करीत आहेत.

"उतरवलंच पाहिजे!" जमाव गरजला.

"अरे मूर्खांनो, माझी नोकरी जाईल!"

"गेलीच पाहिजे!"

तेवढ्यात शेंगदाणे संपवून हवालदार आले. त्यांनी एकवार यमराजाकडे पाहिले, एकवार आकाशाकडे पाहिले आणि वही काढली.

"वर बसून घोषणा देतायत ते पुढारी कोण?"

अण्णासाहेबांना एव्हाना खाली आणले होते. त्यांचे पाय जमिनीला लागले होते, पण विश्वास बसला नव्हता. तीन वर्षांवर आलेली निवृत्ती त्यांच्या डोळ्यांत तरळत होती.

"घोषणा पहिली कोणी दिली? तेवढं सांगा, बाकीच्यांना सोडतो," हवालदार म्हणाले.

मी पेचात सापडलो. 'मी दिली' म्हणावे, तर कोठडी. आणि कोठडीतल्या जावयाला अण्णासाहेब मुलगी देणे शक्य नाही. गप्प बसावे, तर अण्णासाहेबच आत जाणार. मी छाती पुढे काढली, एक पाऊल टाकले, आणि 'मी' हे अक्षर ओठांवर आणले...

"इश्श! हे कसली घोषणा देतायत, हवालदारसाहेब?" सुमती मध्येच म्हणाली. "हे भुताला घाबरून 'आई गं' म्हणून ओरडले. लोकांना भलतंच ऐकू आलं."

"साफ खोटं!" मी म्हणालो.

"बघा ना," ती म्हणाली, "अजून आवाज कापतोय."

हवालदार माझ्याकडे पाहत राहिले. गृहस्थ सातारकडचे असावेत. मिशीत हसू मावत नव्हते.

"आणि वरचे हे?"

"ते माझे वडील. पाळण्याला घाबरून ओरडत होते."

अण्णासाहेबांनी काही बोलण्यासाठी तोंड उघडले, निवृत्तीचा विचार केला, आणि मिटले.

हवालदारांनी वहीत लिहिले आणि मोठ्याने वाचले : "'सदर इसम भुतास भिऊन आई गं असे ओरडला. दुसरा इसम पाळण्यास भिऊन ओरडला. घोषणा झाली नाही.' करा सह्या."

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. एकीकडे महाराष्ट्र, दुसरीकडे सुमती. मी महाराष्ट्राची मनोमन क्षमा मागितली आणि सही केली. माझ्याखाली अण्णासाहेबांनी केली. हवालदारांनी पान फाडून माझ्या हाती दिले. "ठेवा आठवण. आणि उद्या फेरीत जरा हळू. माझी रात्रपाळी असते, सकाळी झोपमोड होते." जाता जाता ते दबक्या आवाजात पुटपुटले, "झालाच पाहिजे."

अण्णासाहेब बराच वेळ माझ्या खिशातल्या त्या कागदाकडे पाहत होते.

"हा कागद," ते शेवटी म्हणाले, "घराबाहेर जाता कामा नये."

"नाही जाणार."

"म्हणजे तुम्हांला घरातच घेणं आलं!"

पुढच्याच महिन्यात लग्न झाले. यथावकाश महाराष्ट्रही झाला. तो कागद मात्र वसंताच्या हाती लागला, आणि आजतागायत तो त्याची घडी घालून खिशात बाळगतो. मी त्याला शांतपणे समजावतो, की तो दस्तऐवज दबावाखाली झाला आहे. शिवाय माझा एक प्रश्न त्याला साठ वर्षांत सुटलेला नाही : मी 'आई गं' असे ओरडलो असतो, तर यमदूतांनी 'झालाच पाहिजे' असे उत्तर कशाला दिले असते? 'आई गं'ला असे उत्तर कोणी देते काय?

"दोन्ही ओरडलात," सुमती म्हणते. "आधी 'आई गं'. मग घोषणा. मी खोटी साक्ष कधी देत नाही."

इतकी वर्षे हा वाद याच टप्प्यावर अडून होता. गेल्या महिन्यात तो निकालात निघाला.

आमची चाळ पाडून तिथे आता मनोरा झाला आहे. आम्ही अकराव्या मजल्यावर. (खिडकीशी मी बसत नाही. वारा लागतो.) वसंता जेवायला आला होता, त्याला घ्यायला मी खाली गेलो होतो. सुमती भाजी घेऊन आली आणि आम्ही तिघे लिफ्टने वर निघालो. लिफ्ट जुन्या यमपुरीच्या चालीने जाते. पाचव्या आणि सहाव्या मजल्यांच्या मध्ये वीज गेली. मिट्ट काळोख! घंटेचे बटण चाचपडताना सुमतीचा हात माझ्या मानेला लागला. हात थंड होता आणि ओला होता. तिच्या पिशवीत कोथिंबीर होती. पण हे मला मागाहून कळले.

मी ओरडलो. काय ओरडलो हे गौण आहे.

वसंताने खिशातला कागद बाहेर काढल्याची सळसळ मला अंधारात स्पष्ट ऐकू आली. तो श्वास घेऊन आता बोलणार, एवढ्यात सुमती शांतपणे म्हणाली :

"झालाच पाहिजे!"

वसंता आता गावभर सांगत सुटला आहे, की लिफ्टमध्येही मी 'आई गं' असेच ओरडलो. साफ खोटे! 'आई गं'ला असे उत्तर कोणी देते काय?