फटफटीच्या नळाला पोतेरं

पट्टी ओली करूनच गुंडाळायची, हे बॉयलरवर काम केलेल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. कोरडी गुंडाळली तर तिचे तंतू उडतात आणि नळ तापला की ती ढिली पडते. ओली बसवली की वाळता वाळता आवळते. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनात मी फिटर होतो. वाफेच्या नळांना अ‍ॅस्बेस्टॉसची पट्टी मी इतकी वर्षं गुंडाळली होती, की या कामात आपला हात धरणारा कोणी नाही असं मला वाटायचं. ती पट्टी छातीला वाईट असते, हे फार पुढे कळलं. तेव्हा आम्ही तिच्या गुंडाळीवर डोकं टेकून दुपारची डुलकी काढत असू.

आमचं गाव नागपूरच्या सडकेवरच्या जामपासून कोसभर आत. घरात माय आणि मी, दोघंच. बाप मी लहान असतानाच गेला होता. लष्कराने लिलावात काढलेल्या भंगारातून मी एक फटफटी जुळवली होती. इंजिन एकीचं, चाकं दुसरीची, टाकी तिसरीची आणि सायलेन्सरचा नळ कुठला ते देवालाच ठाऊक. दीड वर्ष ती अंगणात उघडी पडली होती. याची फटफटी चालेल त्या दिवशी मारुतीचं लग्न लागेल, असं गावातले लोक म्हणायचे. एक दिवस ती चालली. मारुती बिचारा तसाच राहिला. मी मात्र महिनाभर जमिनीवरून चाललो नाही.

ते छप्पन साल होतं. दसऱ्याला नागपूरला धम्मदीक्षा होती आणि आमची अख्खी वस्ती निघाली होती. कोणी बैलगाडीने, कोणी ट्रकच्या पाठीवर, बरेचसे पायीच, भाकरी बांधून दोन दिवस आधी. पांढरी वस्त्रं घालून यायचं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. मायला कसं न्यायचं हा प्रश्न होता. कापसाच्या पऱ्हाटीने भरलेल्या बैलबंडीवरून पडल्यापासून तिचा डावा गुडघा वाकत नसे. पायी जाणं शक्यच नव्हतं. रेल्वेत तर माणसं टपावर बसून चालली होती. त्या रेटारेटीत ती चिरडलीच असती. मी म्हणालो, "माय, मी नेतो तुले फटफटीवर." त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं.

पांढरं लुगडं बाजारात मिळेना. सगळीकडून पांढरं कापड उठलं होतं. शेवटी मांजरपाटाचे दोन पट्टे मिळाले. ते मायने मधोमध शिवून जोडले, तेही इतक्या बारीक टाक्यांनी की शिवण बोटाला लागायची पण डोळ्याला दिसत नसे. शिवून झाल्यावर तिने ते धुतलं, घडी घालून पेटीत ठेवलं आणि रोज एकदा काढून पाहू लागली. आयुष्यात एवढ्या लांबीचं कोरं कापड तिच्या अंगाला लागलेलं मला तरी आठवत नाही.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी, बसायची सवय व्हावी म्हणून मी तिला जामच्या चौकापर्यंत नेऊन आणलं. मागे गोणपाटाची घडी बांधली होती. घरी येऊन ती उतरली आणि जळकट वास आला. तिच्या नेहमीच्या हिरव्या लुगड्याचा काठ चार बोटं जळाला होता. माझ्या फटफटीचा नळ डाव्या अंगाला होता, आणि बाया पाय सोडून बसतात तेही डाव्याच अंगाला. मी तिला उजवीकडे तोंड करून बसवून पाहिलं. मग तो ताठ पाय पुढे यायचा आणि माझ्या पायात अडकायचा. गाडी हाकणंच मुश्कील.

माय त्या जळक्या काठाकडे बघत राहिली.

"मी नाई येत बापा," ती म्हणाली. "जळकं लुगडं घालून तिथं नाई उभी राह्यत मी. जिंदगीभर फाटकंतुटकं घातलं. आजच्या दिवशी तरी नाई."

मी म्हणालो, "तू येशीन. आन लुगड्याले डागबी नाई लागन."

दुसऱ्या दिवशी बॉयलरवाल्याला विचारून मी उरलीसुरली पट्टी घरी आणली. अंगणात फटफटी टेकवून उभी केली, बादलीत पट्टी भिजत घातली आणि आम्ही दोघं बसलो. मायने ओली गुंडाळी हातात धरली आणि मी म्हणेन तशी सैल सोडत गेली. मी इंजिनाच्या तोंडापासून सुरुवात केली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा, ओढून धरायचा, मग पुढचा. मी ओढायचो तेव्हा पलीकडून तीही ओढायची, आणि वर मलाच म्हणायची, "जोरानं ओढ नं! हात हाय का शेवयाची काडी?"

"तुले काय समजते यातलं?"

"तुह्या ढोपराले किती चिंध्या गुंडाळल्या मी, मोज. मले नाई समजत त कोनाले समजते?"

शेवटाला मी बारीक तार फिरवली आणि पकडीने पिळून घट्ट केली, जिनातल्या नळांना करतो तशीच, दर वितीला एक पीळ. काम असं देखणं झालं की मी दोनदा लांब जाऊन पाहून आलो.

मायचं मात्र समाधान झालं नव्हतं. पुढच्या दिवशी दुपारी मी कामावरून आलो, तर ती फटफटीशेजारी बसलेली, कोपरापर्यंत हात चिखलात. पांढरी माती कालवून त्या पट्टीवर तिने पोतेरं फिरवलं होतं, रोज सकाळी चुलीला देते तसं. म्हणाली, "मातीनं आच भाईर येत नाई. चुलीचं पाह्य, आतमंदी जाळ असते, भाईरून हात ठेवता येते." मी हसलो, पण मनात म्हटलं, खोटं नाही. आमचे बॉयलरवालेही पट्टीवरून मातीचा लेप देत. तिने तीन दिवस तीन हात दिले. तारेचा एकूण एक पीळ त्या लेपाखाली गडप झाला. मी अडवायला हवं होतं, पण तिचा चेहरा बघून राहू दिलं. माझ्या यंत्राला कोणी एवढ्या मायेने हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शेजारीण कुंपणावरून डोकावली. "काऊन वं मावशे, फटफटीचा पाय मोडला काय?"

"हव," माय म्हणाली. "मह्यासारखीच लंगडी हाय बिचारी. दोघी मिळून जातो आमी."

दसऱ्याला पहाटेच निघालो. लुगड्याची घडी मोडून ते नेसताना मायला अर्धा तास लागला. मग ती बाहेर आली आणि मी नुसता पाहतच राहिलो. मला ती कधी सुंदर वाटली असेल, तर तेव्हा. तिला तसं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "चाल, उशीर होते."

जाम सोडलं आणि नागपूरच्या सडकेला लागलो. उजाडलं तसं दिसलं, की सडक दोन्ही काठांनी पांढरी झाली आहे. माणसं चालत होती. म्हातारी, कडेवरची, ओझी घेतलेली. कोणी हात उंचावत, कोणी आमच्या गाडीकडे पाहून हसत. मायचा हात माझ्या खांद्यावर होता. पहिले काही कोस तो नुसता ठेवल्यासारखा होता. मग तो खांदा धरू लागला. बुटीबोरी जवळ आली तोवर तिची बोटं माझ्या हाडात रुतत होती.

मला वाटलं, भ्याली. मी गाडी हळू केली.

"हळू नोको करू," ती कानाशी म्हणाली.

"थांबू काय? च्या पिऊ. इंजिनबी थंड होईन."

"नाई. चाल."

पुढे आणखी एकदा विचारलं. तेव्हाही तेच. एकदा मान वळवून पाहिलं, तर तिने लुगड्याचा घोळ वर ओढून मांडीवर गोळा केला होता आणि दुसऱ्या हाताने छातीशी धरला होता. धुळीला जपते आहे, असं मला वाटलं. मनात म्हटलं, बाई माणूस, कापडात जीव.

नागपुरात गर्दीमुळे गाडी बरीच अलीकडे लावावी लागली. माय उतरली आणि मी सवयीने आधी नळ पाहिला. मातीचा लेप वाटेत झडून गेला होता. मागच्या टोकाची तार सुटली होती, पट्टीचे वेढे उलगडून लोंबत होते आणि हातभर नळ उघडा पडला होता. माझी चूक माझ्या लगेच लक्षात आली. जिनातला नळ भिंतीला जखडलेला असतो, तो हलत नाही. फटफटी जन्माची थरथरती. नुसत्या पिळावर तिथली तार किती वेळ टिकणार? आणि सुटायला लागलेली तार मातीखाली मला दिसणार तरी कशी?

मी घाईने मायचं लुगडं पाहिलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. पांढरं स्वच्छ, एक डाग नाही. मी मोठा श्वास सोडला आणि म्हणालो, "वाचलो माय!" मी लुगडंच पाहिलं. दुसरं काही पाहिलं नाही.

ती माझ्या हाताला धरून चालू लागली. लंगडत होती, पण लंगडायची ती रोजच. मैदानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. त्या माणसांच्या पसाऱ्यात आम्ही कुठेतरी मागे उभे राहिलो. पुढचं काही दिसत नव्हतं, कर्ण्यातून आवाज तेवढा येत होता. मग सगळे हात जोडून प्रतिज्ञा म्हणू लागले आणि मायही म्हणू लागली. तिचा आवाज मी घरात फक्त हाक मारताना आणि रागावताना ऐकला होता. इथे तो शेजारच्या आवाजांत मिसळून सरळ वर जात होता. तिने माझा हात सोडला होता. दोन्ही पायांवर, आधाराशिवाय, ती शेवटपर्यंत उभी राहिली. मला रडू आलं, आणि आजूबाजूला सगळेच रडत असल्यामुळे लाज वाटली नाही.

नंतर लोक खाली बसले. मायही बसायला गेली, आणि बसताना तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. मी खाली वाकलो. घोळ जरा सरकला होता. डाव्या पोटरीवर तळहाताएवढी जागा भाजून सोलली होती. मधे लालभडक, कडेला फोड आलेले, आणि त्यात सडकेची धूळ बसलेली.

"काऊन नाई सांगतलं मले?" मी ओरडलोच. बाया वळून पाहू लागल्या.

"हळू बोल. मही मातीच कमी पडली. आखीन एक हात द्याले पाह्यजे होता."

"मातीचं सोड! तार मी बांधली होती. कुठून लागून राह्यलं होतं हे?"

तिने थोडा विचार केला. "बुटीबोरीच्या अलीकडून."

तिथून इथवर, आठ-नऊ कोस, त्या तापल्या नळावर! मला तिचा राग आला, माझा आला, त्या तारेचा आला.

"दोनदा इचारलं मी तुले! सांगतलं असतं त थांबलो असतो नं. दोन मिंटात आवळली असती तार."

"म्हनून त नाई सांगतलं." तिने घोळ सारखा केला, जखमेपासून लांब, डाग लागू नये असा. "विहिरीवर थांबली मी, कोनी वरून पानी टाकीन तवा घडा भरे. दुकानापुढं थांबली. दवाखान्यात साऱ्याईच्या मांगं थांबली. तुले पोटाशी धरूनबी थांबली. आज नाई थांबाचं होतं मले."

मी तिच्या शेजारी मातीत बसलो. तिने माझ्या मघाच्याच खांद्यावर हात ठेवला, पण आता हलका.

"आता वापस जाताना थांब, बापा," ती म्हणाली. "पाह्यजे तितक्या बार थांब."